वीस मीटरच्या पुढे

लोहगाव विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची 592 मीटर आहे. आमचा विश्रांतवाडीचा चौक त्याहून थोडा खाली. पुण्याची म्हणून शाळेत पाठ केलेली उंची 560 मीटर, तीच मी हिशोबाला धरते. म्हणजे माझा जन्म समुद्राच्या 560 मीटर वर झाला आणि पन्नास वर्षं मी तिथेच भाजी आणते आहे, टिंगरेनगरच्या रस्त्याने चालते आहे, रात्री शांत झोपते आहे. या उंचीने माझ्या पोटात कधी गोळा आला नाही. आणि ताईने मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढल्याचं सांगितलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "डेक कितव्या मजल्यावर असतो गं?"

"दहाव्या-अकराव्या," ताई म्हणाली आणि क्षणभर गप्प झाली. तिला माहीत आहे. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना आमच्या रस्त्यावरून जाते. लहानपणी सगळा वाडा समोरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर जायचा. वरून दिंड्या कशा दिसतात, पताका कशा हलतात, हे मी कायम ऐकलं. बघितलं कधीच नाही. मी खाली फुटपाथवर आजीचा हात धरून उभी असायची. गच्चीच्या कठड्यापाशी गेलं की तळपाय शिवशिवायचे, गुडघ्यातलं बळ जायचं, आणि कुणीतरी मागून ओढतंय की पुढून खेचतंय हेच कळायचं नाही.

मी मुळात आकडेमोड करणारी बाई. भीती वाटली की मी तिचा हिशोब मांडते. हा लेख म्हणजे त्या चार दिवसांच्या प्रवासाआधी आणि प्रवासात मांडलेला हिशोब आहे.

जहाजाचं नाव एम्प्रेस. 1990 साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. सप्टेंबर 2021 पासून ते कॉर्डेलिया कंपनीच्या नावाखाली मुंबईहून निघतं. लांबी 211 मीटर, रुंदी 30 मीटरहून थोडी जास्त, डेक 11. आणि 48,563 ग्रॉस टन. हा शेवटचा आकडा वजनाचा आहे असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटत होतं. तो वजनाचा नाही, आतल्या बंदिस्त जागेचा आहे. सूत्र उलटं सोडवलं तर साधारण 1 लाख 60 हजार घनमीटर जागा निघते. आमच्या भागातला सातशे चौरस फुटांचा टू बीएचके धरा, छत साडेनऊ फुटांवर. असे सुमारे 850 फ्लॅट त्या जहाजात मावतील. माणसं अठराशेच्या आसपास. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सोसायट्या एकत्र करून पाण्यावर सोडाव्यात, असा तो प्रकार.

उंचीचा हिशोब मी ढोबळच केला. मजल्यामागे 2.8 मीटर, पाण्यापासून दहा मजले, म्हणजे 28 मीटर. मग 560 ला 28 ने भागलं. उत्तर बरोबर 20. अशी वीस जहाजं एकावर एक रचली, तर सर्वांत वरच्या जहाजाचा डेक आमच्या चौकाला येऊन टेकेल. विसाव्या जहाजावर मी निर्धास्त राहते आणि पहिल्याच जहाजावर चढायला घाबरते. कागदावरचा हा भागाकार बघून मला पहिल्यांदा जाणवलं की माझी भीती मीटरमध्ये मोजलीच जात नाही. मग ती मोजायची कशात?

याचं उत्तर म्युनिकच्या थॉमस ब्रांट या मज्जातंतुतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास नीट मांडलं. माणूस स्थिर उभा असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शरीर सतत किंचित डोलत असतं. हे डोलणं दोनेक सेंटिमीटर धरू. डोळा समोरच्या वस्तूकडे बघतो, ती किंचित सरकलेली दिसते, त्यावरून मेंदूला कळतं की आपण डोललो, आणि तो पायांना सावरतो. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर दोन सेंटिमीटरच्या डोलण्याने ती सव्वादोन अंश सरकते. तीन मीटरवर असेल तर अंशाच्या चार दशांशाहूनही कमी. आणि 28 मीटर खाली पाण्यावर नजर असेल तर 0.04 अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण बारावा भाग. अर्ध्या मीटरच्या तुलनेत खूण 56 पटीने पुसट झाली. कान आणि पाय सांगतात, डोलतोय. डोळा सांगतो, मला तर काही दिसत नाही. या दोन निरोपांच्या मधल्या फटीत ती भोवळ असते.

म्हणूनच विमानात तशी भीती वाटत नाही. आमच्या घरावरून लोहगावला उतरणारी विमानं जातात. त्यांतून मी अनेकदा दिल्लीला गेले आहे. 10,000 मीटरवरून खाली बघितलं तर नकाशा दिसतो. खिडकीची चौकट डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते आणि जमिनीशी नजरेचा धागा जोडलेला नसतो. पुण्याचंही तसंच. 560 मीटर खरे, पण पायापासून रस्ता शून्य मीटरवर.

याच म्युनिकमधल्या संशोधकांनी 2019 साली आभासी वास्तवाचा चष्मा लावून लोकांना वेगवेगळ्या उंचीवर उभं केलं. भीती सुरुवातीला उंचीबरोबर झपाट्याने वाढते, आणि 20 ते 40 मीटरच्या दरम्यान वाढायची थांबते. त्यापुढे कितीही वर न्या, शरीर तेवढंच घाबरतं. मी हे वाचलं त्या रात्री दोनदा वाचलं. जगातल्या महाकाय जहाजांचे आकडे तोवर मी डोळे मिटून बाजूला सारत होते, ते आता मुद्दाम काढले. आयकॉन ऑफ द सीज: 365 मीटर लांब, 20 डेक, जास्तीत जास्त 7,600 प्रवासी, आणि समुद्रापासून 154 फुटांवर, म्हणजे 47 मीटरवर, जहाजाच्या बाहेर काढलेली चालण्याची अरुंद वाट. रीगल प्रिन्सेसवर 128 फुटांवरचा काचेच्या तळाचा रस्ता, तोही जहाजाच्या कडेपासून 28 फूट बाहेर. क्वांटम वर्गाच्या जहाजांवर काचेचा पाळणा माणसांना पाण्यापासून 300 फुटांवर उचलतो. हे 300 फूट म्हणजे माझ्या 28 मीटरच्या तिपटीहून जास्त. पण माझ्या गुडघ्यांसाठी दोन्हींत फारसा फरक नाही. शरीराची फूटपट्टी तिथवर पोचतच नाही. माणसाने जहाजं केवढीही बांधावीत, भीतीचा आकडा सातव्या ते चौदाव्या मजल्याच्या दरम्यानच ठरून जातो. याचा मला फार आधार वाटला: दहाव्या मजल्यावर जे सोसेन, त्याहून फार मोठं काही शिल्लक नव्हतं.

एकटेपणाचाही एक आकडा आहे. जर्मनीत साडेतीन हजारांहून अधिक लोकांना विचारून केलेल्या पाहणीत 28 टक्के लोकांनी सांगितलं की आयुष्यात कधी ना कधी उंचीवरून बघताना त्रास झाला आहे. बायकांत 32 टक्के, पुरुषांत 25. ज्याला डॉक्टर ॲक्रोफोबिया म्हणतील अशा तीव्र भीतीचं प्रमाण 6.4 टक्के. हेच प्रमाण एम्प्रेसच्या अठराशे प्रवाशांना लावलं तर थोडाफार त्रास होणारे पाचशे, आणि माझ्यासारखे एकशेपंधरा. एकशेपंधरा माणसं त्याच जहाजावर भिंतीच्या बाजूने चालत असणार, आणि एकमेकांना सांगत नसणार. आमच्याकडे तर सांगणं आणखी अवघड. दोन-तीन किलोमीटरवर येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, 2,540 खाटांचं, आणि पुण्यात कुणी जरा वेगळं वागलं की त्याला येरवड्याचं नाव घेऊन चिडवतात. मी शाळेत ते ऐकलं आहे, गच्चीवर जायला नाही म्हटलं म्हणून. त्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या माणसांवरही तो अन्याय आहे आणि घाबरणाऱ्या पोरीवरही.

तिकिटं हातात आली तेव्हा प्रवासाला सहा आठवडे होते. 2018 साली ऑक्सफर्डच्या एका चाचणीत सरासरी तीस वर्षं ही भीती बाळगणाऱ्या शंभर जणांपैकी एकोणपन्नास जणांना आभासी वास्तवातले उपचार दिले गेले. प्रत्येकाचे सरासरी दोन तास चष्म्यात गेले, आणि भीती सरासरी 68 टक्क्यांनी उतरली. तरुण गटेने तर 1770 च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून स्वतःची भीती मोडली होती. त्या इमारतीची उंची 142 मीटर, तेव्हा जगात सर्वांत उंच. माझ्याजवळ ना चष्मा ना मनोरा. माझ्याजवळ धानोरीत राहणाऱ्या मैत्रिणीच्या इमारतीचा जिना होता. आठवडाभर तिसरा मजला, मग पाचवा, मग सातवा. जिन्याच्या खिडकीपाशी पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं, एक हात गजावर, आणि भीतीचा काटा अर्ध्यावर उतरेपर्यंत हलायचं नाही. सुरुवातीला अकरा मिनिटं लागायची. सहाव्या आठवड्यात सातव्या मजल्यावर चार.

पण समुद्राने माझा हिशोब एका जागी चुकवला. जमिनीवर जवळची वस्तू स्थिर असते, म्हणून जवळ बघायचं. जहाजावर जवळचं सगळंच हलतं: कठडा, खुर्ची, फरशी, तुम्ही स्वतः. जहाज दोन अंश कललं तर 28 मीटरवरचा डेक आडवा जवळजवळ मीटरभर सरकतो, आणि कडेला उभं असाल तर अर्धा मीटर वर-खाली होता. खाली पाणी सेकंदाला आठेक मीटर वेगाने मागे पळत असतं. बोट लागू नये म्हणून क्षितिजाकडे बघा असं कोकणातला कुणीही सांगेल. ते बरोबरच आहे, कारण समुद्रावर न हलणारी ती एकच रेघ. आणि उंचीची भोवळ टाळायला मात्र जवळ बघायचं. मग कुठे बघायचं? पहिल्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे जात असताना मी लिफ्टच्या दारापाशीच अर्धा तास उभी होते, तोंड आतल्या भिंतीकडे. ताई शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही.

रात्री केबिनमध्ये भाचा मोबाइलवर समुद्राचा नकाशा बघत होता. लक्षद्वीपकडे जाताना खोली हजार मीटरच्या पुढे जाते, कुठे कुठे दोन हजारांच्या. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर. म्हणजे पाणी क्षणभर पारदर्शक हवा झालं तर आमचं जहाज कळसूबाईच्या शिखराहून उंच अधांतरी तरंगत असेल. "मावशी, त्याची भीती वाटते?" त्याने विचारलं. खरंच वाटत नव्हती. मी पाठीवर पडून त्या दोन किलोमीटरांचा विचार केला आणि मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी कठड्याचा हिशोब केला. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाजाचा कठडा किमान एक मीटर हवा. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने प्रवासी जहाजांसाठी 42 इंच, म्हणजे 107 सेंटिमीटर. माझी उंची 158. माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण 55 टक्क्यांवर असतो, म्हणजे माझा 87 सेंटिमीटरवर. 107 वजा 87. नुसतं टेकून उभं राहिलं तर कठड्यावरून तोल जाणं शक्य नाही. माझा तोल कठड्याच्या वीस सेंटिमीटर खाली आहे. मी हे आकडे बसच्या तिकिटाच्या मागे लिहिले होते, ते खिशात ठेवले. मग खुर्ची ओढून कठड्यापासून दोन मीटरवर बसले. बसल्यावर डोलणं कमी होतं, हे साधं शहाणपण. पाठ टेकलेली, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, आणि नजर कठड्याच्या वरच्या नळीवर अशी, की तिच्या मागे क्षितिजही दिसावं. जवळची वस्तू आणि न हलणारी रेघ एकाच दृष्टिक्षेपात. नळी हळूच क्षितिजाच्या वर जायची, हळूच खाली यायची. ते डोलणं आता मला दिसत होतं. कान आणि डोळा पहिल्यांदाच एकच निरोप देत होते.

क्षितिज तिथून 19 किलोमीटरवर असतं. किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर साडेचार. डेकवरून चहूकडे नजर फिरवली तर 1,100 चौरस किलोमीटरांहून जास्त पाणी दिसतं, पुणे महापालिकेच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त. त्या सगळ्यात एकही पताका नव्हती, पण मला पालखीची गच्ची आठवली.

चौथ्या दिवशी मुंबई दिसू लागली तेव्हा मी उभी राहिले आणि दोन्ही हात नळीवर ठेवले. घड्याळ ताईच्या हातात होतं.

"सहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "खाली बघितलंस?"

"नाही गं. समोर बघितलं. पुढच्या वर्षी माउलींच्या वेळी गच्चीवर येते. कठड्यापासून दोन मीटरवर खुर्ची ठेवशील?"