थोरल्या बहिणीच्या नजरेतून इतिहास

अमेरिकन लेखिका रीटा विल्यम्स-गार्सिया यांची ‘वन क्रेझी समर’ ही बालकादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत १९६८ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांची डेल्फीन व तिच्या दोन धाकट्या बहिणी, व्होनेटा आणि फर्न, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आईकडे जातात. फर्न तान्ही असतानाच या कृष्णवर्णीय मुलींना आईने सोडले होते. आई कवयित्री आहे. स्वयंपाकघरात तिने छापयंत्र मांडले असून तेथे मुलींना मज्जाव आहे. न्याहारीस व धड्यांस ती त्यांना ब्लॅक पँथर पक्षाच्या केंद्रात धाडते.

हा पक्ष ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी १९६६ साली ओकलंड येथेच स्थापिला. मुंबईत १९७२ साली निघालेल्या दलित पँथरचे नाव त्यावरूनच घेतलेले आहे. पक्षाची मोफत न्याहारीची योजना रीतसर सुरू झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. कादंबरीत ती आधीच्या उन्हाळ्यातच दिसते. कादंबरीकारास एवढी मोकळीक असते, परंतु वर्गात सन सांगताना शिक्षकांनी १९६९ हाच सांगावा.

पुस्तकाचे खरे बळ डेल्फीनमध्ये आहे. पैशांचा हिशेब, बहिणींचे जेवण, त्यांची भांडणे, सारे तिच्याच शिरावर. सतरा वर्षांचा पँथर बॉबी हटन त्याच एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला होता. म्हणून सभेला जाण्याआधी तिला धाकट्यांची काळजी पडते. भावंडे सांभाळून शाळेत उशिरा पोहोचणाऱ्या मुलींना ही काळजी समजावून सांगावी लागणार नाही. पुस्तक इंग्रजीत असल्याने शिक्षकांनी ते स्वतः वाचून गोष्टीरूपाने सांगावे.