दाबोळी: सकाळी उखडलेली, रात्री वापरलेली धावपट्टी

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून निघालेली भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यावर पोहोचली. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या या तुकडीने दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंड, म्हणजे जवळपास साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरा आल्या आणि त्यांनीही तीच धावपट्टी झोडपली. धावपट्टी पार उद्ध्वस्त झाली, असे या हल्ल्याबद्दल आजही लिहिले जाते. आता अडचण अशी, की त्याच रात्री, त्याच धावपट्टीवरून, चार-चार इंजिनांची दोन प्रवासी विमाने उडाली आणि सुखरूप कराचीला पोहोचली.

ती कशी उडाली हे सांगण्याआधी तो विमानतळ तिथे का होता, हे पाहावे लागेल. दाबोळीचा जन्मच मुळी भारत-पोर्तुगाल भांडणातून झाला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, सीमा बंद झाल्या, गोव्यातली भारतीय वकिलात गुंडाळली गेली. दमण आणि दीव तर आधीच तुटक होते. तेव्हा लिस्बनने समुद्र आणि आकाश या दोनच वाटांवर भिस्त ठेवली. त्याच १९५५ मध्ये वास्कोजवळच्या जांभ्या दगडाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला आणि पुढे त्याला गव्हर्नर जनरल बेनार गेदेस यांचे नाव मिळाले. गोव्याची स्वतःची विमान कंपनीही निघाली. तिचे लांबलचक पोर्तुगीज नाव आखडून लोक तिला ताईप म्हणत.

ताईपची विमाने दमण आणि दीवला जात, कराचीला जात, पुढे मोझांबिकपर्यंत आणि तिमोरपर्यंतही जात. कराची हे ठिकाण नीट लक्षात ठेवावे. हाकेच्या अंतरावर बेळगाव, पण गोव्याच्या माणसाला विमानाने जायचे तर अरबी समुद्रावरून पाकिस्तान गाठावे लागे. नकाशावर पाहिले तर हा उपद्व्याप वाटतो, पण सहा वर्षे तो बऱ्यापैकी चालला. म्हणूनच १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या यादीत दाबोळी सर्वांत वर होती. गोव्यात पोर्तुगिजांचे एकही लढाऊ विमान नव्हते. धोका होता तो बाहेरून कुमक येण्याचा, आणि ती उतरायला गोव्यात जागा हीच एक.

हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. त्यांना मिळालेल्या आदेशातली एक अट मला फार बोलकी वाटते: दाबोळीची धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलच्या इमारतीला आणि इतर सोयींना धक्का लावू नका. घर आपल्यालाच राहायला लागणार आहे, तेव्हा फक्त अंगण खणा, असा हा हिशेब. वैमानिकांनी तो चोख पाळला. वीस बॉम्बफेकी विमाने येऊन गेली तरी इमारती शाबूत राहिल्या. तिसरा हल्ला सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर केला आणि रॉकेट व तोफांच्या माऱ्याने गोव्याचा बाहेरच्या जगाशी चाललेला संवाद तोडला. या मोहिमेत पुण्याच्या जोडीला बेळगावजवळच्या सांबऱ्याचा तळही होता. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मधली, ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली. आज बेळगावकर हैदराबाद-बेंगळुरूचे विमान पकडायला तिथेच जातात.

आता त्या रात्रीबद्दल. दाबोळीच्या आवारात दोन विमाने उभी होती: पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताईपचे डीसी-४. दोन्ही वाचली होती. बॉम्बमुळे धावपट्टीवर खड्डे पडतात खरे, पण ते ओळीने, अंतराअंतराने पडतात आणि मधले तुकडे बरेचदा जसेच्या तसे राहतात. खड्डा बुजवायला लागतात ती माणसे, फावडी आणि भरायला माती-दगड, आणि जांभ्याच्या पठारावर दगडाला काय तोटा! विमानतळावरच्या कामगारांनी संध्याकाळी घाईघाईने धावपट्टीचा एक भाग कसाबसा चालण्याजोगा केला.

कॉन्स्टेलेशनचे कॅप्टन मानुएल कोरेया रेइस यांच्या वाट्याला सुमारे ७०० मीटर आले. भरलेल्या कॉन्स्टेलेशनला एरवी याच्या दुप्पट अंतरसुद्धा अपुरे वाटावे. म्हणून विमान हलके करायचे ठरले. जादा खुर्च्या उचकटून बाहेर टाकल्या, नको असलेले सामान टाकले आणि अधिकाऱ्यांची कुटुंबे आत बसवली. विमान धावू लागले तसे धावपट्टीवरचे दगड चाकांखालून उसळून अंगावर आदळले, पत्र्याला २५ भोके पडली, एक टायर बसला. तरी ते उडाले. त्याच्यामागून ताईपचे संचालक मेजर सोलानो द आल्मेदा यांनी स्वतः डीसी-४ उडवले. दोघांनीही अंधाराचा फायदा घेत, समुद्रालगत अगदी खालून जात, गस्तीच्या भारतीय विमानांना चुकवून कराची गाठली. ही माणसे शत्रूपक्षातली असली तरी त्या उड्डाणाला दाद द्यावीच लागते.

म्हणजे धावपट्टी तुटली खरी, पण जेमतेम एका दिवसापुरती. कायमची संपली ती ताईप. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांचा हुकूम त्यांनी मानला नाही. मग कराचीमार्गे जाण्याचे कारणच उरले नाही, आणि ज्या कंपनीचे अस्तित्वच त्या कारणावर होते तिला कोणी बॉम्ब टाकून संपवायची गरज नव्हती.

याच दिवसांत बेंगळुरूचाही एक धागा या गोष्टीत येतो. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे १९५५ पासून सहा वर्षे आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवत होती. गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांनी पणजीच्या आभाळातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. त्यासाठी त्यांना हवाई दलाच्या लिबरेटर विमानात बसवले होते. विमानाचे नाव प्रसंगाला इतके शोभते की कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने कापले असते.

पण भारताकडे लिबरेटर आली कुठून? महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकी बनावटीची बॉम्बफेकी विमाने कानपूरला टाकून दिली गेली होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मुद्दाम मोडली होती, त्यांवर यंत्रे घातली होती, इंजिनांत वाळू ओतली होती. म्हणजे इथेही ‘उद्ध्वस्त’ असाच शिक्का. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी ती तात्पुरती उडण्याजोगी केली, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक करत बेंगळुरूला आणली आणि १९४८ पासून ती हवाई दलात दाखल झाली. चाळीसच्या आसपास विमाने अशी भंगारातून उठली आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत सेवेत राहिली. त्यांतले एक आजही दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे.

बेंगळुरूची ही हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० ला काढली, तीसुद्धा युद्धाच्याच निकडीने. जपान जवळ येऊ लागल्यावर, १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे अमेरिकी हवाई सेनेने तिथे विमानदुरुस्तीचा मोठा तळ चालवला. बेंगळुरूकरांचा जुना ‘एचएएल विमानतळ’ तो हाच. आज विमानउद्योगाची राजधानी म्हणून हे शहर मिरवते, तेव्हा सोलापूरच्या या माणसाचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

दाबोळीचे पुढे काय झाले? एप्रिल १९६२ मध्ये ती नौदलाकडे गेली. आयएनएस हंसा हा तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून १९६४ मध्ये इथे आला, धावपट्टी जेट विमानांसाठी दुरुस्त झाली आणि प्रवासी वाहतूक १९६६ च्या सुमारास पुन्हा सुरू झाली. १९८० च्या दशकात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली आणि बाकीचे आपण जाणतोच. नौदलाच्या सरावामुळे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना मनाई, ही तक्रार पर्यटन व्यावसायिकांनी वर्षानुवर्षे केली. शेवटी पेडणे तालुक्यात मोप इथे दुसरा विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडतात आणि काही कंपन्यांनी आपला मुक्काम तिकडे हलवला. आता दाबोळीचे काय होणार, ही चर्चा वास्कोत रोज होते. बॉम्बने जे केले नाही ते वेळापत्रक करील, अशी भीती तिथल्या टॅक्सीवाल्यांना आहे आणि ती मला अनाठायी वाटत नाही.

कारण बेंगळुरूत तेच घडले. युद्धाने उभारलेल्या एचएएल विमानतळावर कधी कोणाचा बॉम्ब पडला नाही. तरी मे २००८ मध्ये एका मध्यरात्री देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि एचएएलची नियमित प्रवासी वाहतूक थांबली. नव्या विमानतळाशी केलेल्या करारातच अट होती: दीडशे किलोमीटरच्या आत, २५ वर्षे, दुसरा विमानतळ नको. जुनी धावपट्टी ठणठणीत आहे. लढाऊ विमानांच्या चाचण्या आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची विमाने आजही तिच्यावरूनच उडतात. शहराच्या पूर्व भागातला प्रवासी मात्र डोक्यावरून जाणारी ती विमाने पाहत, रहदारीतून वाट काढत, देवनहळ्ळीला जातो. कराराची ती मुदत २०३३ मध्ये संपते.