खडक 30 मीटर सरकला, लाट 1 मीटर उठली

11 एप्रिल 2012. भारतीय वेळेनुसार दुपारचे 2 वाजून 8 मिनिटं. सुमात्रातल्या बंदा आचेपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर हिंदी महासागराचा तळ फाटला. तीव्रता 8.6. धक्के पार चेन्नई-कोलकात्यापर्यंत जाणवले.

किल्लारीचा 1993 चा भूकंप 6.2 चा होता. फरक जेमतेम 2.4 चा दिसतो. पण या मोजपट्टीवर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे त्या दुपारी किल्लारीच्या जवळपास 4,000 पट ऊर्जा सुटली. दोन तासांनी 8.2 चा आणखी एक धक्का बसला. तो एकटाच 1,000 किल्लारींएवढा!

हा समुद्रतळ घडत होता तेव्हा त्याचे पट्टे रूपांतर भ्रंशांवर, म्हणजे तळातल्या भेगांवर, एकमेकांना घासत सरकत होते. सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी ती हालचाल थांबली, व्रण मात्र राहिले. आज भारत हिमालयाशी अडतो आणि पूर्वेकडचा तळ सुमात्राखाली शिरत राहतो. या ओढाताणीत व्रणांचा हा प्रदेश पुन्हा तुटला. 160 सेकंदांत किमान 4 भ्रंश फाटले, तेही काही एकमेकांना जवळपास काटकोनात. काही ठिकाणी खडक 20 ते 30 मीटर सरकला. दहा मजली इमारत आडवी ठेवली तर भरेल एवढी ही लांबी. पुढचे 6 दिवस जगभरात 5.5 हून मोठ्या भूकंपांचं प्रमाण नेहमीच्या जवळपास पाचपट झालं.

तरीही सुमात्राच्या किनाऱ्यावर लाट उठली ती जेमतेम 1 मीटरची. का, ते घरीच पाहता येईल. परातीत पाणी घ्या. उलथनं तळाशी सपाट ठेवून झटक्यात वर उचला. पाणी काठाबाहेर उसळेल. तेच उलथनं उभं धरून धारेच्या दिशेने सरकवा. पाणी जेमतेम हलेल. 2004 च्या सुमात्रा भूकंपात तळ उचलला गेला, त्सुनामी आली आणि सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. 2012 मध्ये तळ आडवा सरकला.

किल्लारीत मात्र त्या ऊर्जेच्या चारहजाराव्या हिश्शाने पहाटेच्या झोपेतली सुमारे 10 हजार माणसं नेली, कारण दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. म्हणून भूकंपाची बातमी वाचताना तीव्रतेच्या आकड्यावर थांबू नका. जमीन कुठे आणि कोणत्या दिशेने हलली, वर घरं कशी होती, हेही विचारा. यातलं घर तेवढं आपल्या हातात आहे.