पावसाची लाल नवरी

पहिला दमदार पाऊस झाला की दिल्लीजवळच्या अरवलीत आणि हरियाणातल्या रेताड बांधांवर लालभडक मखमली ठिपके चालू लागतात. तिकडे या जिवाला बीरबहूटी म्हणतात. बहूटी म्हणजे नवी नवरी. हरियाणवी बोलीत ती ‘तीज’. श्रावणातल्या तीज सणाचं नाव हिच्यावरूनच पडलं, असं तिथे सांगतात. मला उलट वाटतं. सण तृतीयेचा, त्या दिवसांत दिसणाऱ्या जिवाला सणाचं नाव मिळालं असावं.

आपल्याकडे हा मृगाचा किडा, तेलुगूत आरुद्र पुरुगु, म्हणजे आर्द्रेचा किडा. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. दिल्लीत मोसमी पाऊस सरासरी २७ जूनला पोचतो, तोवर आर्द्रा सुरू झालेली असते. संस्कृतात हा इंद्रगोप. वाल्मीकी रामायणात, किष्किंधाकांडातल्या पावसाच्या वर्णनात तो भेटतो.

युरोपात असा मान लेडीबर्डला आहे. त्या नावातली ‘लेडी’ म्हणजे येशूची आई मेरी. रशियन लोक तिला देवाची गाय म्हणतात. दिल्लीभोवतीही ती आहेच. हिवाळ्यात मोहरीवर मावा पडला की सात ठिपक्यांचा हा ढालकिडा तो फस्त करतो. तरी बीरबहूटीचं कौतुक तिच्या वाट्याला आलं नाही. उन्हाळाभर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पावसाची वर्दी देणाराच जीव जवळचा वाटणार.

बीरबहूटी कीटक नव्हेच. तिला आठ पाय असतात. ती कोळ्यांच्या नात्यातली माइट, शास्त्रीय नाव ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम. वर्षाचा बहुतेक काळ ती जमिनीत काढते. पिल्लाला मात्र सहाच पाय. ते दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषतं. मोठी झाली की ती शिकारी बनते, लहान किडे आणि त्यांची अंडी खाते. तिची चव वाईट आणि लाल रंग हा त्याचाच इशारा, म्हणून ती भरदिवसा निर्धास्त फिरते. हात लावला की पाय पोटाशी घेऊन निपचित पडते. लाजऱ्या नवरीची कल्पना इथूनच आली असेल.

युनानी औषधांत लकव्यावर हिचं तेल वापरतात, त्यासाठी बीरबहूट्या गोळा करून वाळवून विकल्या जातात. वर येण्याचे हे मोजके दिवस जोडीदार शोधण्याचे आणि अंडी घालण्याचे असतात. डबीत गेलेली बीरबहूटी मागे पिढी ठेवत नाही. मुलांना ती तळहातावर जरूर दाखवा, आणि तिथल्याच ओल्या मातीत सोडून द्या.