पगार आणि पाठबळ

बोनस ही मालकाची खुशी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे, हे 1965 च्या कायद्याने मान्य केलं. आज किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा आहे. बोनस आणि पगारवाढीसाठीच 1982 मध्ये मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आता मात्र कोणत्याही हक्काच्या आधी एक प्रश्न येतो: तुमचं नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे? कंपनीच्या, कंत्राटदाराच्या, की कोणाच्याच नाही?

सर्वांत भक्कम पट सरकारी. सातव्या वेतन आयोगाने केंद्रात किमान मूळ वेतन 18,000 रुपये केलं. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो आणि आठवा आयोगही नेमला गेला आहे. तरीही 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा दुमदुमली ती त्यामुळेच. याच शासनाच्या योजना घरोघरी पोहोचवणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका मात्र मानधनावर आहेत. त्यांना ना वेतनश्रेणी, ना महागाई भत्ता.

चाकण, रांजणगाव, वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत कायम कामगारांची पगारवाढ साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या करारात ठरते. युनियन असेल तर बस, कँटीन, मेडिक्लेम यांवरही बोलणी होतात. त्याच लाइनवर तेच नट आवळणारा कंत्राटी मुलगा या करारात नसतो. देशातल्या संघटित कारखान्यांत आज दर पाच कामगारांमागे दोन कंत्राटी आहेत. केंद्राच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणीनेच नोंदवलं आहे, की 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला आणि रोजगार जेमतेम 1.5 टक्क्यांनी.

कायम असलेल्यांनीही पगाराची स्लिप नीट वाचावी. नोव्हेंबर 2025 पर्यंत ग्रॅच्युइटी मोजत ती फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर: दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. एकूण पगार 26,000 असून त्यातलं मूळ वेतन 10,400 च असलं, तर वीस वर्षांनी हाती येत 1 लाख 20 हजार. सगळा पगार मूळ वेतनात असता, तर आले असते तीन लाख. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी भत्त्यांचा वाटा निम्म्यावर रोखला, हे चांगलंच झालं. हातात पडणारी रक्कम थोडी घटली तरी म्हातारपणाची सोय वाढते.

हिंजवडीच्या आयटीत आरोग्य विमा, घरून काम, शेअर्स अशा सवलती आहेत. पण नव्या इंजिनिअरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास दहा-बारा वर्षं घुटमळतंय. तेवढ्या काळात पुण्यातलं घरभाडं कुठल्या कुठे गेलं.

राहिले कोणाच्याच पटावर नसलेले: डिलिव्हरी करणारे, कॅब चालवणारे. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, असं नवी संहिता सांगते. महाराष्ट्राने याहून पुढचं पाऊल 1969 मध्येच टाकलं होतं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्यात हमालाची नोंदणी मंडळाकडे होते. तो आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा मिळते. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारे निपजले, त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण मूळ व्यवस्था खणखणीत आहे: मालक बदलला तरी हक्क बुडत नाही.

हीच रीत कंत्राटी कामगार, घरकामगार आणि डिलिव्हरीवाल्यांना लावायला हवी. बाजार समितीतल्या शेकडो गाळ्यांचा हिशेब वहीवर ठेवून हे साधलं. प्रत्येक ऑर्डरची मिनिटामिनिटाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना ते जमणार नाही, हे मान्य करण्याचं काहीही कारण नाही.