वर्गणीचं चित्र
युरोपातली संग्रहालयं : लेखांक सहावा

मागच्या रविवारी आपण लूव्रमध्ये मोनालिसासमोर उभे होतो. म्हणजे खरं तर मोनालिसासमोर उंचावलेल्या मोबाइलांमागे उभे होतो. आज ॲमस्टरडॅम. इथेही एका चित्रापुढे गर्दी असते, पण ते चित्र साडेचार मीटर रुंद आणि पावणेचार मीटरहून उंच, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्यालाही काही ना काही पदरात पडतं.

मात्र चित्रापर्यंत पोचण्याआधी सायकलवाल्यांपासून जीव वाचवावा लागतो. राइक्सम्युझियमच्या पोटातून आरपार एक कमानदार रस्ता जातो आणि त्यावरून सायकली सुसाट धावत असतात. मी मान वर करून कमानीवरची नक्षी बघत होतो. जवळच ॲम्स्टलवीनला राहणाऱ्या भाचीने दंड धरून मागे ओढलं. “मामा, इमारत नंतर बघ. ती कुठे पळून जात नाहीये.” पाठोपाठ घंटीचा ठणठणाट करत एक आजीबाई गेल्या. पुढच्या टोपलीत फुलकोबी, चेहऱ्यावर आमच्याबद्दल उघड नाराजी.

हा रस्ता विनोदाचा विषय वाटेल, पण त्याच्यापायी संग्रहालयाचं नूतनीकरण वर्षानुवर्षं रखडलं. २००३ साली मुख्य इमारत बंद झाली. स्पेनमधल्या सेव्हिलचे वास्तुविशारद क्रूझ आणि ऑर्टिझ यांना नवं प्रवेशद्वार या बोगद्यातच हवं होतं, सायकलींना बाजूला सारून. सायकलस्वारांची संघटना हटून बसली. शेवटी आराखडा बदलला, सायकली राहिल्या. संग्रहालय उघडलं ते थेट १३ एप्रिल २०१३ला, दहा वर्षांनी, ३७ कोटी ५० लाख युरो खर्चून. आपल्याकडच्या उड्डाणपुलांची थट्टा करताना मला हल्ली ही हकीकत आठवते.

इमारत मुळात १८८५ची. वास्तुकार पिएर कॉइपर्स कॅथलिक, आणि त्याने मनोरे, रंगीत काचा, कमानी असं सगळं थाटाने केलं. प्रॉटेस्टंट राजा तिसरा विल्यम भडकला. हा मठ आहे, मी पाय ठेवणार नाही, असं म्हणाला आणि नाहीच ठेवला. राजाचं फारसं चुकलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं मुख्य दालन खरोखरच देवळासारखं आहे: दोन्ही बाजूंना कोनाडे, मधून लांब वाट, आणि गाभाऱ्याच्या जागी रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’. २०१३मध्ये आठ हजार वस्तूंची ऐंशी दालनांत नव्याने मांडणी झाली, सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्या. जुन्या जागी परतलं ते एवढं एकच चित्र.

आजचा लेख त्या एकाच चित्रावर खर्च करायचा असं मी ठरवलंय. बाकीच्या एकोणऐंशी दालनांची क्षमा मागून.

चित्र १६४२चं. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या प्रत्येक विभागात नागरिकांचं एक शस्त्रधारी पथक असे. शहराचं रक्षण हे त्यांचं काम, पण त्या काळापर्यंत लढाईपेक्षा मिरवणुका आणि मेजवान्याच जास्त उरल्या होत्या. सभासद पैसेवाले व्यापारी. पथकाच्या सभागृहात लावायला त्यांनी वर्गणी काढून स्वतःचं समूहचित्र करून घेतलं. म्हणजे नीट सांगायचं तर हा मंडळाचा फ्लेक्स होता. सोळा जणांनी सरासरी शंभर-शंभर गिल्डर दिले. चित्रात कोणाला कुठली जागा, यावर रक्कम कमीजास्त. मधोमध अध्यक्ष, म्हणजे कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक, काळ्या कपड्यात, छातीवर लाल पट्टा. शेजारी लेफ्टनंट विलेम फान राउटेनबुर्ख, पिवळ्या झळाळत्या पोशाखात.

असली समूहचित्रं तेव्हा ढिगाने होत. आपल्या फ्लेक्सवरच्या कार्यकर्त्यांसारखीच माणसं ओळीत उभी, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ, प्रत्येकाला समान उजेड. पैसे दिलेत, चेहरा दिसलाच पाहिजे. याच संग्रहालयात फान डेर हेल्स्टचं अशाच एका पथकाचं चित्र आहे, तेही बघा. अतिशय देखणं, आणि देणगीदार एकूण एक खूश झाले असणार.

रेम्ब्रांटने काय केलं? त्याने लोकांना उभं करण्याऐवजी निघायला लावलं. कॅप्टन तोंड उघडून हुकूम देतोय, एक जण बंदूक भरतोय, कुत्रा ढोलकऱ्यावर भुंकतोय, भाले वाकडेतिकडे. एखाद्याच्या तोंडावर दुसऱ्याचा हात आलाय, कोणी अंधारात बुडालाय. शंभर गिल्डर मोजून निम्मा चेहरा! नंतर कोणीतरी मागच्या कमानीवर एक ढाल रंगवून तिच्यावर अठरा नावं लिहून टाकली, ते मला फार मानवी वाटतं. चेहरा नाही तर नाही, नाव तरी येऊ दे. वर रेम्ब्रांटने फुकटची माणसंही भरली. चित्रात एकूण चौतीस जण आहेत. मागच्या गर्दीत एक डोळा आणि थोडी टोपी दिसते, तो स्वतः रेम्ब्रांटच असं बहुतेक जाणकार मानतात.

आणि ती मुलगी. गर्दीच्या मधोमध सोनेरी उजेडात न्हालेली, कमरेला उलटी टांगलेली कोंबडी. पहिल्यांदा बघणारा इथे हमखास अडखळतो. सैनिकांत ही कोण? पथकाचं नाव ‘क्लोव्हेनियर’, त्यांच्या बंदुकीच्या नावावरून पडलेलं. डच भाषेत ‘क्लाउ’ म्हणजे पंजा. नावांच्या या साम्यामुळे पथकाने पंजा हेच आपलं चिन्ह केलं होतं. रेम्ब्रांटने ते चिन्ह झेंड्यावर न काढता कोंबडीच्या पायांत लपवलं.

आता नाव. हा रात्रीचा पहारा नाहीच. पथक निघालंय दिवसाढवळ्या. सभागृहातल्या शेकोट्यांचा धूर आणि वर्षानुवर्षं चढत गेलेलं वॉर्निश यांनी चित्र इतकं काळवंडलं की अठराव्या शतकाच्या अखेरीस लोक त्याला ‘रात्रीचा पहारा’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ केलं तेव्हा दिवस उजाडला, पण नाव बदलायला उशीर झाला होता. उन्हाचा पुरावा चित्रातच आहे. कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडलीय, पाचही बोटांसकट. कोटाच्या काठावर जरीकामात एक सिंह आहे, त्याच्या पंजात ॲमस्टरडॅमचं चिन्ह, तीन फुल्या. सावलीचा अंगठा आणि बोट त्या सिंहाला बरोब्बर चिमटीत धरतात. हे मला चौथ्यांदा बघताना दिसलं. तोवर मी पिवळ्या रंगावरच भाळलो होतो.

यानंतरची गोष्ट वाचून कोणाही कलाप्रेमीच्या पोटात कळ येईल. १७१५ साली हे चित्र डाम चौकातल्या नगरभवनात हलवलं. तिथे दोन दारांमधल्या भिंतीवर ते मावेना. भिंत तर मोठी करता येत नव्हती. मग चित्र कापलं. चारही बाजूंनी. डावीकडून सगळ्यांत जास्त, साठेक सेंटिमीटर, त्यात पथकाची दोन माणसं गेली. कापलेले तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. सतरंजी खोलीत बसेना म्हणून कडा दुमडाव्यात, इतक्या सहजपणे हे झालं.

कापाकापीने नुसती माणसं गेली असं नाही. मूळ चित्रात कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्यापासून उजवीकडे होते, आणि डावीकडे त्यांना चालून जायला मोकळी जागा होती. आता ते दोघं अगदी मधोमध येऊन थांबलेत. रेम्ब्रांटने फ्लेक्सची मांडणी मोडली होती. सुतारकामाने ती परत आणली.

हे आपल्याला कळतं कारण खेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने कापण्याच्या कितीतरी आधी एक छोटी नक्कल करून ठेवली होती. जेमतेम ८५ सेंटिमीटर रुंदीची. मालकी लंडनच्या नॅशनल गॅलरीची, पण ती असते इथे. २०२१मध्ये या नकलेवरून संगणकाला रेम्ब्रांटची शैली शिकवून हरवलेल्या पट्ट्या तयार केल्या, कॅनव्हासवर छापल्या आणि तीन महिने मूळ चित्राच्या कडेने लावल्या. मी छायाचित्रंच पाहिली. पट्ट्या रेम्ब्रांटच्या नाहीत हे लगेच कळतं, तरी पथक चालायला लागलेलं दिसतं.

चित्राचे भोग एवढ्यावर संपले नाहीत. १९११मध्ये एकाने चाकू चालवला, पण जाड वॉर्निशपुढे पात्याचं काही चाललं नाही. १९७५मध्ये दुसरा माणूस पाव कापायची सुरी घेऊन आला आणि या वेळी कॅनव्हास उभा फाटला. त्या जखमांच्या खुणा नीट बघितलं तर आजही दिसतात. १९९०मध्ये तिसऱ्याने ॲसिड फवारलं. रखवालदारांनी तत्काळ पाणी मारल्यामुळे वॉर्निशवरच निभावलं. महायुद्धात तर हे चित्र गुंडाळीवर गुंडाळून ठिकठिकाणी लपवत फिरवलं, शेवटी मास्ट्रिख्तजवळच्या सेंट पीटरच्या डोंगरातल्या गुहांमध्ये. आग लागली किंवा युद्ध आलं तर घाईने खाली उतरवता यावं म्हणून १९३४ सालीच दालनाच्या जमिनीत एक लांबट फट करून ठेवलेली होती. खाली काय? तोच सायकलींचा रस्ता.

२०१९पासून चित्राभोवती काचेची खोली उभी आहे आणि तपासणी, दुरुस्ती सगळी लोकांच्या डोळ्यांदेखत चालते. मोठ्या रुग्णालयात आयसीयूच्या काचेतून आत बघावं तसं आपण बघतो. संग्रहालयाने चित्राचे ८,४३९ फोटो काढून एकत्र जोडले. त्यातून ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा तयार झाली, आणि एकेक पिक्सेल मानवी केसाहून कितीतरी बारीक. घरी बसून कुणालाही मोठी करून पाहता येते. मी एका रविवारी संगणकावर त्या कोंबडीचं नख शोधत बसलो होतो आणि भाजी करपली.

नूतनीकरणाच्या दहा वर्षांत चित्र ज्या दुसऱ्या इमारतीत होतं, तिथे त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरकुत्या पडल्या. म्हणून २०२२मध्ये जुनी लाकडी चौकट काढून अॅल्युमिनियमची बसवली. राजा-महाराजांच्या गोष्टींपेक्षा असल्या गोष्टी मला संग्रहालयात जास्त रमवतात.

इतर चित्रांना मी आज न्याय देत नाही, पण दोघांजवळ थांबा. एक व्हर्मीरची दूध ओतणारी बाई. अर्ध्या मीटरहून लहान चित्र, आणि मागच्या पांढऱ्या भिंतीत उपटलेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा काढलेली. दुसरं रेम्ब्रांटचंच ‘ज्यू वधू’. १८८५मध्ये संग्रहालय नवंकोरं असताना व्हॅन गॉग इथे मित्राबरोबर आला आणि या चित्रासमोर बसला. मित्र बाकीचं सगळं बघून परत आला तरी हा जागचा हलला नव्हता. मार्गदर्शक पुस्तिकेतले ‘दोन तासांत महत्त्वाची वीस चित्रं’ असले कार्यक्रम बघितले की मला तो बाकावर बसलेला तांबूस दाढीचा माणूस आठवतो.

मराठी माणूस इथे आल्यावर आणखी एक प्रश्न विचारतोच. शिवाजी महाराजांचं चित्र कुठाय? आहे, याच संग्रहात. ॲमस्टरडॅमचा महापौर आणि ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक निकोलास विट्सेन याच्याकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात काढलेल्या राजेरजवाड्यांच्या चित्रांचा एक संग्रह होता, त्यातलं ते. ही डच कंपनी म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालून बसलेलीच. पण चित्र कागदावरचं आणि कागदाला उजेड सोसत नाही, त्यामुळे असल्या गोष्टी बहुतेक काळ अंधाऱ्या कपाटात विसावतात. तेव्हा भिंती धुंडाळून हिरमुसू नका, संकेतस्थळावर बघा.

व्यवहाराचं थोडं: संग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडं. वेळ ठरवून तिकीट आधी काढावं लागतं, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. बाग सगळ्यांनाच मोफत. उघडल्या उघडल्या सरळ वरच्या मजल्यावर जा, खालचं नंतर.

जाता जाता एक धागा. रेम्ब्रांट उतारवयात, दिवाळं वाजल्याच्या सुमाराला, मुघल लघुचित्रांच्या नकला करत बसे. शहाजहान, जहांगीर, झाडाखाली बसलेले चार सुफी. अशी वीसेक रेखाटनं उरली आहेत. तो भारतात कधी आला नाही, चित्रं कंपनीच्या जहाजांतून त्याच्यापर्यंत आली. त्याने ज्यांवरून नकला केल्या त्या जातकुळीची मुघल चित्रं आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात एका खोलीच्या भिंतींत बसवलेली आहेत. मारिया तेरेसाच्या काळात, नक्षीदार चौकटींच्या आकारात मावावीत म्हणून, त्यांच्यावरही कात्री चालवली गेली. पुढच्या रविवारी त्या खोलीत जाऊ.