दारूबंदीच्या गावातला दुधाचा अड्डा

संध्याकाळी वर्ध्याच्या बजाज चौकातली गर्दी ओलांडून एखादा नवखा पाहुणा निवांत टेकायला जुनं, घरगुती मद्यालय शोधू लागला, तर ते त्याला सापडणार नाही. महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेजारच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. तो वारसा जपायचा म्हणून १९७०च्या दशकापासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. चोरटी दारू थांबलेली नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण राजरोस, ओळखीपाळखीने, कुणाचीही नजर न चुकवता ज्याच्यासाठी थांबावं असं या गावचं पेय म्हणजे गाईचं दूध, आणि त्याचं ठिकाण गोरस भंडार.

गंमत अशी, की ज्यांच्या विचारातून हे भंडार उभं राहिलं ते गांधीजी स्वतः गाईचं दूध पीत नव्हते. दुधाचा शेवटचा थेंब काढण्यासाठी गाईम्हशींवर होणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराने व्यथित होऊन त्यांनी दूध सोडलं होतं. १९१८च्या दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीच्या दुधावर आले. गाय मात्र त्यांच्या विचारातून कधी गेली नाही. त्याच विचाराने १९४१ मध्ये उद्योगपती जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाच्या कामाला वाहून घेतलं आणि वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ ला त्यांचं निधन झालं. व्यापारात मुरलेल्या माणसाने शेवटचे महिने गाईंजवळ काढावेत, ही वर्ध्याच्या इतिहासातली फार हळवी जागा आहे.

गाईशी इथलं नातं तसं जुनंच. जिल्ह्याला स्वतःची गाय आहे: गवळाऊ. पांढरी, हलक्या अंगाची, चालीला चपळ. आर्वी-कारंजा भागातल्या नंदगवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

मद्याविना अड्डा ही कल्पना फक्त वर्ध्याची नाही. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये दारूविरोधी चळवळीच्या काळात गिरणी कामगारांसाठी बिनदारूचे बार निघाले होते. रॉटनस्टॉल गावात १८९० साली सुरू झालेला फिट्झपॅट्रिक्स त्यातलाच. मुळ्या-पाल्यांची सरबतं विकत तो टिकून राहिला. दिवसभर राबलेल्या माणसाला घराबाहेर चार शब्द बोलायला कोपरा हवा असतो, हे त्या चळवळीतल्या लोकांनी नेमकं ओळखलं होतं.

वर्ध्याच्या गोरस भंडारात तशा गप्पांच्या जोडीला गोरसपाक हा बिस्किटाचा प्रकार असतो. गाईच्या तुपातला, जाडसर, इतका खुसखुशीत की हातात धरतानाच कडा सुटतात. बाहेरगावी निघालेला वर्धेकर त्याचा पुडा पिशवीत सगळ्यात वर ठेवतो, चुरा होऊ नये म्हणून.